बिजावरचे कोठावदे

गजेंद्र शिरोडे हा माणूस कागदांचा. दोह्यात त्याला एकवीस वर्षं झाली आणि ती सगळी त्यानं डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून काढली. हे काम नेमकं काय असतं ते त्याच्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. "आमचे जावई कतारला कारकून आहेत," असं त्या सांगायच्या, आणि खरं सांगायचं तर फार चुकायच्या नाहीत. मोठ्या बांधकामाचे हजारो नकाशे असतात. प्रत्येक नकाशाला नंबर आणि नंबराला रिव्हिजन. नवा नकाशा आला की जुन्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा, म्हणजे कुणी जुन्यावरून भिंत बांधून बसू नये. एकाच नंबरचे दोन वेगळे कागद फिरताना सापडले की अल रय्यानच्या ऑफिसात गजेंद्र असा काही तापायचा की शेजारच्या टेबलावरचा अश्फाक पाण्याची बाटली पुढे करायचा. "गजेंद्रभाई, खलास. पानी पियो."

तर असा हा चोख माणूस घरच्याच तीन कागदांत सपशेल फसला. कसा, ते ऐका.

सुरुवात झाली आईच्या पासपोर्टावरून. अलकाबाई चौऱ्याऐंशीच्या. नवरा गेल्यावर गजेंद्रनं त्यांना नाशिकहून दोह्याला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. अल सद्दच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात त्यांची खोली, खिडकीतून खाली गाड्यांची रांग आणि समोर एक केरळी मसाल्यांचं दुकान. पासपोर्ट नवा करायचा तर फोटो हवा. गल्लीच्या तोंडाशी जहूरचा स्टुडिओ आहे, तिथं गेले. जहूरनं त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा वर करायला लावली आणि म्हणाला, "अम्मा, बस ऐसेही. हँसना नहीं."

"हसायला सांगतोय का हा?"

"हसू नको म्हणतोय, आई."

"मग बरं झालं. लाकडाला कुठं हसू येतं?"

आठ फोटो मिळाले. गजेंद्रनं दाखवायला पुढे केले तर त्यांनी मान फिरवली. हे नेहमीचंच. घरातल्या लग्नामुंजीच्या प्रत्येक अल्बमात अलकाबाई कुणाच्या तरी खांद्यामागे सापडायच्या. त्यांच्या आत्याबाईंनी लहानपणी एक शब्द डोक्यात घालून ठेवला होता तो निघता निघत नव्हता. आत्याबाई म्हणे येता-जाता हनुवटी धरायच्या आणि म्हणायच्या, "अगदी ठकी ग! नाक न् नाक ठकी!" आणि हसून हसून डोळ्यांना पदर लावायच्या. ठकी म्हणजे जत्रेत मिळायची ती लाकडाची बाहुली, चपट्या तोंडाची. पोरीच्या मनाला ते असं लागलं की म्हातारपण आलं तरी तिनं आरशाशी सख्य केलं नाही.

घरी येऊन गजेंद्र फॉर्म भरायला बसला.

"आईचं नाव?" माहीत होतंच, पण फॉर्म म्हटला की विचारायचं, अशी त्याची रीत.

"जानकी. लिही. नाव लिहायला काय जातंय?"

ह्या एका वाक्यात चौऱ्याऐंशी वर्षांचा राग होता. अलकाबाई माहेरच्या यमुना कोठावदे. वडील विष्णू मास्तर, प्राथमिक शाळेत. मूळ गाव सटाण्याकडचं, पण नोकरी सिन्नर तालुक्यात. पाच वर्षांची असताना यमुनेला नाशिकला आत्याकडे पाठवलं ते पाठवलंच. धाकटा भाऊ मधु आणि धाकटी बहीण आईबापांजवळ वाढली. दिवाळीला यमुना सिन्नरला जायची. आई ताट वाढायची, वेणी घालायची, नवं परकर-पोलकं द्यायची. मारलं नाही, हिडीसफिडीस केली नाही. पण जवळ म्हणून कधी घेतलं नाही. "पाहुण्याच्या पोरीला वागवावं तशी," अलकाबाई सांगायच्या. जानकीबाई गेल्या तेव्हा त्या दहाव्याला जाऊन आल्या, डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

त्या दिवशी मात्र त्यांनी आणखी एक सांगितलं. फॉर्मवर सही करता करता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. "वर गेल्यावर भेटली तर एवढंच विचारणार आहे. बाई ग, तीन पोरांतली मीच का दिली? माझं काय चुकलं होतं?"

गजेंद्रच्या हातातलं पेन थांबलं. आई प्रश्न घेऊन मरायला बसलीय, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला सहन होईना. काहीतरी कारण असणारच. आजारपण असेल, दुष्काळ असेल, पत्रिकेत काही निघालं असेल. कारण असेल तर कागद असेल. कागद असतो, शोधणाऱ्याला सापडत नाही एवढंच, हे तर तो ऑफिसात रोज ओरडून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सिन्नरला अवधूतला फोन लावला. अवधूत म्हणजे मधुमामाचा मुलगा. मामा तीन वर्षांपूर्वी गेला, मावशी त्याच्याही आधी, विचारायला वरच्या पिढीतलं कुणी उरलं नव्हतं. अवधूत विम्याचा एजंट, जिल्ह्यातलं एक सरकारी ऑफिस असं नाही जिथं त्याला चहा मिळत नाही. "दादा, तुम्ही फक्त काय पाहिजे ते सांगा," तो म्हणाला. आणि खरंच कामाला लागला.

पहिला कागद आईकडेच होता, शाळा सोडल्याचा दाखला. यमुना विष्णू कोठावदे, जन्म १ जून १९४१. गजेंद्र तो ऑफिसात स्कॅन करत होता, तेव्हा अश्फाकनं डोकावून पाहिलं.

"ये यमुना कौन?"

"मेरी माँ."

"माँ का नाम तो अलका है ना?"

गजेंद्रनं समजावलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो.

"सरनेम?"

"नहीं. पूरा नाम."

"और पुराना वाला?"

"पुराना..." गजेंद्रनं हात झटकला. "खलास."

अश्फाक हैदराबादचा. त्यानं जरा विचार केला. "मेरी बीवी बिलकिस थी, बिलकिस है," तो म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला. गजेंद्रची स्वतःची बायको शैलजा माहेरची कोण होती ते आठवायला त्याला अर्धं मिनिट लागलं. वर्षा.

दुसरा कागद तीन आठवड्यांनी आला. एक्कावन्न सालच्या खानेसुमारीच्या वेळी गावोगाव घरवार नावांची वही केली होती. घरात कोण, नातं काय, वय किती. बहुतेक गावांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. विष्णू मास्तरांच्या शाळेच्या गावची वाचली होती आणि अवधूतनं ती दफ्तरखान्यातून शोधून काढली. व्हॉट्सॲपवर फोटो आला तेव्हा गजेंद्र मेट्रोत होता. त्यानं बोटांनी मोठा करून वाचला. विष्णू आत्माराम कोठावदे, शिक्षक, वय ३४. जानकी, बायको, वय २२. मधुकर, मुलगा, वय ५. शैला, मुलगी, वय २.

बस्स. यमुना नव्हतीच.

नसणारच म्हणा. ती नाशिकला होती. खानेसुमारीवाला घरात जी माणसं दिसतील तीच लिहिणार. हे सगळं गजेंद्रला कळत होतं, तरी त्याला सरकारचा राग आला, मास्तरांचा आला, त्या मेलेल्या कारकुनाचाही आला. त्याचं स्टेशन मागे गेलं. आणि वय २२ कडे त्याचं लक्षच गेलं नाही असं नाही. बावीस वर्षांच्या बाईला दहा वर्षांची मुलगी? पण खेड्यातल्या बायकांची वयं तेव्हा अंदाजपंचे दाहोदरसे, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

संध्याकाळी अलकाबाईंनी विचारलंच. "अवधूतनं म्हणे यादी पाठवली. मी आहे का रे त्यात?"

गजेंद्रनं चष्मा काढून पुसला. "खालचं पान फाटलंय, आई. नीट दिसत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत बसल्या.

तिसरा कागद सगळ्यात मोठा. कोठावद्यांचे पिढीजात उपाध्याय होते, ते लावलेल्या प्रत्येक लग्नाची नोंद ठेवायचे. त्यांच्या नातवाकडे त्या वह्या अजून आहेत. अवधूतनं त्यातल्या चाळीस-पन्नासच्या दशकातल्या वहीचे चौसष्ट फोटो पाठवले. आता हे सगळं एक्सेलमध्ये उतरवायचं काम गार्गीकडे आलं.

गार्गी गजेंद्रची लेक. चोवीस वर्षांची, दोह्यात वाढलेली, हल्ली एका बँकेच्या आयटीत. तिच्याशी मराठीत बोला, ती इंग्रजीत उत्तर देणार. आजीपुढे मात्र मोडकंतोडकं मराठी काढणार. शाळेत हिंदी होतं म्हणून अक्षरं वाचता येतात. उत्साह दांडगा. पहिल्याच दिवशी तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, आपल्या फॅमिलीत 'कै' हे नाव एवढं कॉमन का होतं? कै आत्माराम, कै गोविंद, कै बाळाजी?"

शैलजा हसून हसून खाली बसली. "अगं, कैलासवासी! मेलेले आहेत ते!"

"सगळे?"

"सगळे. ह्यात आता तुझे बाबा सोडून सगळे."

एवढ्यावरून तरी गजेंद्रनं सावध व्हायचं. पण नाही. एक्सेलची शीट इंग्रजीत होती, नंबर पाडलेली, फिल्टर लावलेली, आणि अशी शीट दिसली की ह्या माणसाची विवेकबुद्धी विरघळते. गार्गीनं विष्णू मास्तरांचं लग्न शोधून काढलं होतं. शके १८६६, म्हणजे सन १९४४. वधू अनसूया, वय १५, सासरचे नाव जानकी. आणि वराच्या नावापुढे, जिथं बाकीच्या ओळींत गावाचं नाव होतं, तिथं एक अनोळखी गाव. गार्गीनं इंग्रजीत टाइप केलं, नकाशात शोधलं, नकाशानं आपण होऊन एक अक्षर दुरुस्त करून दिलं आणि गाव सापडलं: बिजावर, मध्य प्रदेश.

"म्हणजे कोठावदे मूळचे बुंदेलखंडातले!" गजेंद्र खुर्चीतून उठला. "सटाण्याला नंतर आले. तरीच आईला पुरणापेक्षा बाटी आवडते!"

"त्यांना बाटी मी करते म्हणून आवडते," शैलजा म्हणाली. "बुंदेलखंडाचा काय संबंध?"

पण गजेंद्र आता ऐकण्यापलीकडे गेला होता. मराठी मंडळाच्या भेळेच्या कार्यक्रमात त्यानं चार जणांना गाठून आईच्या माहेरचं बुंदेलखंडी मूळ सांगितलं. एकानं तर "तुमच्या आईच्या चेहऱ्यावर दिसतं हो ते" असंही म्हटलं. लग्न चव्वेचाळीसचं आणि जन्म एक्केचाळीसचा, हे न जुळणारं गणित होतंच. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: १ जून. शाळेत घालताना पोराचं वय बसवायला मास्तर लोक १ जून लावून मोकळे व्हायचे, अर्धा महाराष्ट्र त्या दिवशी जन्मला आहे. त्या तारखेचं काही खरं नसतं. "आई, अभिनंदन," तो म्हणाला. "तू निदान चार वर्षांनी लहान निघालीस."

"मग गुडघ्यांना सांग," अलकाबाई म्हणाल्या.

ऑफिसात कुणी असे तीन कागद आणले असते, तर गजेंद्रनं त्याला उभा सोलला असता. आईचं वय जुळत नाही, लग्नाची तारीख जुळत नाही, गाव कुणी ऐकलेलं नाही, आणि प्रत्येकाला हा शहाणा नवी सबब चिकटवतोय. घरच्या माणसाच्या बाबतीत अक्कल अशीच शेण खाते.

मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी सगळे घरी. शैलजा पोह्यांना फोडणी देत होती आणि गार्गीनं टीव्हीवर कुटुंबाचा वृक्ष लावला होता, रंगीत चौकोनांचा. अलकाबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. त्यांना त्यातलं इंग्रजी काही वाचता येईना.

"ते चौकोन राहू दे ग. मूळ काय लिहिलंय ते वाचून दाखव. माझ्या आईबापाचं लग्न कसं लिहिलंय ते."

गार्गीनं फोनवर वहीचा फोटो उघडला आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागली. "शके अठराशे सहासष्ट... वैशाख... वर विष्णू आत्माराम कोठावदे... बि-ज-व-र... वय सत्तावीस..."

"थांब. काय म्हणालीस?"

"वय सत्तावीस."

"त्याच्या आधी."

"बिजवर. इट्स द व्हिलेज, आजी. एमपीमधलं. बाबांनी सांगितलं ना?"

स्वयंपाकघराच्या दारात शैलजा झारा हातात घेऊन उभी राहिली होती. गजेंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मराठीत ऐकला होता. इतके दिवस तो इंग्रजी अक्षरांत वाचत होता आणि नकाशात शोधत होता. त्यानं लेकीच्या हातातून फोन घेतला, आणि उपाध्यायांच्या वळणदार अक्षरात तो शब्द स्वच्छ लिहिलेला होता. तीन महिने त्यानं मूळ कागद उघडून पाहिला नव्हता.

"गाव नव्हे ग बाई ते," अलकाबाई हळू म्हणाल्या. "ज्याची पहिली बायको गेलीय आणि दुसऱ्यांदा बोहल्यावर चढलाय, त्याला बिजवर म्हणतात."

गार्गीला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "पण... तुझी आई जानकी. आणि हिचंही सासरचं नाव जानकीच लिहिलंय."

"तसंच ठेवायचे पूर्वी. पहिलीचंच नाव दुसरीला."

आता गजेंद्रच्या डोक्यात सगळे कागद एकदम सरळ झाले. १ जून खोटा असेल, पण एक्केचाळीस खरं होतं. बावीस वय खरं होतं. एक जानकी होती, तिला यमुना झाली आणि ती गेली. मग पंधरा वर्षांची अनसूया आली आणि तिला तेच नाव दिलं. एकाच नंबरचे दोन कागद, आणि पहिल्यावर शिक्कासुद्धा नाही. पोर कळती व्हायच्या आत आत्याकडे गेली, मास्तरांची बदली नव्या गावात, तिथं कुणाला काय ठाऊक? नाव तेच, मग विचारणार कोण?

"म्हणजे ती माझी आई नव्हतीच," अलकाबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे बघायचं धाडस कुणाला होईना. रडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी एक मोठा श्वास सोडला, ओझ्याची पिशवी खाली ठेवल्यावर सोडतो तसा.

"म्हणजे माझ्या आईनं मला दिली नाही रे, गजू. ती मेली होती. मेलेली बाई काय करणार?"

गजेंद्र त्यांच्या पायाशी बसला. "आई, त्या खानेसुमारीच्या यादीत तू नव्हतीस. पान फाटलेलं नव्हतं."

"माहीत आहे. खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस. बाराव्या वर्षापासून पुसतोस." त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "आत्याबाईला ठाऊक असणार सगळं. माझ्या बापानं शपथ घातली असणार तिला." आणि थोड्या वेळानं, "ती अनसूया. पंधरा वर्षांची पोर ग. मेलेल्या बाईचं नाव अंगावर घेऊन आली, आणि वर तिची मुलगी सांभाळायची. मी तिच्या दहाव्याला रडले नाही." तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गार्गी येऊन त्यांना बिलगली. पोहे थंड झाले आणि शैलजानं ते तसेच सगळ्यांना वाढले.

जेवताना अलकाबाई म्हणाल्या, "आता माझं एक काम कर. तिचं नाव शोध."

"जानकी ना?"

"ते दोघींचं झालं. सासरचं. तिचं स्वतःचं नाव असेल ना काही? आईबापानं ठेवलेलं. मला ते पाहिजे. वर जाऊन हाक कशी मारू तिला? जानकी म्हटलं तर दोघी वळून बघतील."

ती नोंद आधीच्या वहीत असणार, तीसच्या दशकातल्या. अवधूतला फोन केला. त्याचीच आजी ती, अनसूया. "दादा, आजीचं नाव अनसूया होतं हे मला आज कळतंय," तो म्हणाला. मग म्हणाला की जुनी वही उपाध्यायांच्या पुण्याच्या भावाकडे आहे आणि तो माणूस यात्रेला गेलाय, पंधरा दिवस लागतील. ते पंधरा दिवस फार वाईट गेले. अलकाबाईंना सर्दी झाली, ती छातीत उतरली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. गजेंद्र ऑफिसातून तीनदा फोन करायचा. आधी आईला, मग अवधूतला. अश्फाकला त्यानं सगळं सांगितलं होतं. तो रोज सकाळी विचारायचा, "मिला नाम?" आणि नाही म्हटलं की "इन्शाल्ला" म्हणून कामाला लागायचा.

सोळाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, फोन वाजला. ह्या वेळी गजेंद्रनं गार्गीला एक्सेल उघडू दिलं नाही. चष्मा पुसला, खरंच धुरकटला होता म्हणून, आणि आईच्या खोलीत जाऊन मूळ फोटोवरूनच वाचायला सुरुवात केली. अलकाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. शैलजा आणि गार्गी दारात.

"शके अठराशे एकसष्ट, माघ वद्य पंचमी. वर विष्णू आत्माराम कोठावदे, प्रथमवर, वय बावीस. वधू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी..."

आणि तो थांबला.

"वाच ना रे. अक्षर लागत नाही का?"

"लागतंय," गजेंद्र म्हणाला. "वधू चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी ठकी. वय चौदा. सासरचे नाव जानकी."

अलकाबाईंचा हात सावकाश वर गेला आणि आपल्याच हनुवटीवर येऊन थांबला, जिथं आत्याबाई धरायच्या तिथं.

"अगदी ठकी ग," त्या पुटपुटल्या. "नाक न् नाक ठकी." मग म्हणाल्या, "हसत नव्हती रे ती. डोळ्यांना पदर लावायची. मला वाटायचं, हसतेय."

गार्गी पाणी आणायला वळली, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

"त्या दिवशीचे फोटो उरलेत ना ग? पासपोर्टाचे? आण बघू."

सहा उरले होते, टीव्हीखालच्या खणात, जहूरच्या पाकिटात. अलकाबाईंनी चष्मा लावला. एक फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला, आणि चौऱ्याऐंशी वर्षांत कधी बघितला नव्हता इतका वेळ त्या तो चेहरा बघत राहिल्या. नाक, हनुवटी, कपाळ.

"अशी होती होय," त्या म्हणाल्या. "बरी होती की दिसायला माझी आई."